स्वमग्न मुले आणि इस्पितळाच्या अलीकडची मदत

आपल्यापैकी जी मंडळी शाळेत शिकवतात त्यांच्या डोळ्यांपुढे एखादा मुलगा नक्की येईल. हाक मारली तर वळून पाहत नाही, पण लांबवर एसटीचा आवाज आला की कान टवकारतो. गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे तासभर बघत बसतो. त्याच्या रोजच्या जागेवर दुसरे कुणी बसले तर ओरडून शाळा डोक्यावर घेतो. पाढे धडाधड म्हणतो. आणि ‘तुला पाणी हवे का?’ असे विचारले तर उत्तरादाखल ‘तुला पाणी हवे का?’ हेच परत म्हणतो. गावात कुणी त्याला वेडा म्हणतात, कुणी हट्टी म्हणतात, कुणी ‘आईने लाडावून ठेवलाय’ म्हणून मोकळे होतात. वैद्यकात या अवस्थेला ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता हा शब्द आता रूढ झाला आहे.

शब्द तसा थोडा फसवा आहे. स्वतःत मग्न, म्हणजे माणसे नकोतच, असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये. या मुलांना माणसे हवी असतात; माणसांची चाल ओळखणे त्यांना अवघड जाते. बोललेल्या शब्दामागचा न बोललेला अर्थ, चेहऱ्यावरचा राग, थट्टा, हे आपण न शिकता उचलतो. त्यांना ते एकेक करून शिकावे लागते. शिवाय त्यांचे कान, डोळे, त्वचा यांचे माप वेगळे असते. आपल्याला जेमतेम ऐकू येणारा ट्यूबलाइटचा गुणगुणता आवाज एखाद्याला करवतीसारखा लागतो. कुणाला गर्दीचा धक्का भाजल्यासारखा वाटतो, तर कुणाला खरचटल्याचे कळतही नाही.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांची टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र जागा मिळाली. पुढे वीसेक वर्षे पुष्कळ विद्वानांनी दोष आईच्या माथी मारला. आई थंड स्वभावाची, तिने माया दिली नाही, म्हणून मूल असे झाले, असे सांगितले जाई. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, या मताला पुस्तक लिहून उत्तर दिले. स्वमग्नता जन्मतःच मेंदूच्या घडणीत असते, हे आज वादातीत आहे. पण आईला दोष देण्याची खोड मात्र विद्वानांनी सोडली तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सोडलेली नाही.

लहान मुलांविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. कोणत्या वयात तपासावे, कसे शिकवावे, हे सांगणारी माणसे निदान शहरात तरी भेटतात. आज बोलायचे आहे ते त्या मुलाच्या पुढच्या वयाविषयी. पाच वर्षांचा मुलगा भर बाजारात लोळला तर त्याला उचलून घरी आणता येते. सतरा वर्षांच्या, बापाएवढ्या उंचीच्या मुलाला उचलता येत नाही. तो स्वतःचे डोके भिंतीवर आपटू लागला, आईच्या हाताला चावला, तर घरातली माणसे घाबरतात. आणि घाबरलेल्या माणसांना एकच दार दिसते, ते म्हणजे इस्पितळाचे.

विषय मुंबईच्या उपनगरांतला घेतो. खेड्यातल्या श्रोत्यांनी तो परका मानू नये. आपल्या गावचे कुणी ना कुणी घाटकोपरला, मुलुंडला, बोरिवलीला असतेच. आणि गावातल्या मुलाला ‘मुंबईला दाखवून आणा’ असा सल्ला मिळाला की त्यांच्याच घरी उतरावे लागते. जे तिथे अडते तेच इथे, आणि इथे तर जरा जास्तच.

समजा, घाटकोपरला एका जुन्या चाळीत एक कुटुंब राहते. थोरला मुलगा स्वमग्न, वय सतरा, बोलणे चार-दोन शब्दांचे. वर्षानुवर्षे त्याचा दिवस ठरलेला. सकाळी नळाला पाणी आले की बादल्या तोच भरणार, मग खास मुलांच्या शाळेची गाडी, दुपारी वरणभात, संध्याकाळी आजीबरोबर स्टेशनच्या पुलावर उभे राहून लोकल मोजणे. चाळीला सवय झालेली. कुणी वाकडे बोलत नाही. अशात चाळ पुनर्विकासाला जाते. कुटुंब भाड्याच्या खोलीत येते. इथे पाणी चोवीस तास, म्हणून बादल्या भरण्याचे काम गेले. शाळेची गाडी इकडे येत नाही. आजी गावी गेली. खाली रस्त्याचे खोदकाम, रात्री दिव्यांचा झगझगाट. महिनाभरात मुलाची झोप जाते. तो दात-ओठ चावतो, दारे आपटतो, पहाटे तीनला ओरडतो. नव्या इमारतीतले लोक तक्रार करतात. एके रात्री खिडकीची काच फुटते, आईच्या मनगटाला टाके पडतात, कुणीतरी पोलिसांना फोन करते.

आता बघा, या गोष्टीत रोग कुठे आला? कदाचित कुठेच नाही. एखाद्याच्या पायाखालची एकेक फरशी काढून घेतली तर तो पडणारच. कदाचित मात्र आलाही असेल, आणि तो कुणी पाहिला नाही. बोलता न येणाऱ्या मुलाची दाढ किडली, कान फुटला, आठ दिवस पोट साफ झाले नाही, तर ‘दुखते आहे’ हे तो डोके आपटूनच सांगतो. स्वमग्न मुलांत फेफऱ्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, आणि ते पुष्कळदा वयात येतानाच डोके वर काढते. म्हणून अनुभवी डॉक्टर अशा मुलाच्या बाबतीत झोपेच्या गोळीआधी दात, कान आणि पोट तपासतात.

या उद्रेकाला लोक हट्ट समजतात. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोण पाहते आहे ते बघत असते; हवे ते मिळाले की थांबते. उद्रेकातल्या मुलाचा स्वतःवर ताबाच उरलेला नसतो. त्याला त्या वेळी खाऊ दाखवून, दटावून, समजावून उपयोग नाही. आवाज कमी करावा, दिवा मंद करावा, त्याला हलवण्यापेक्षा आजूबाजूची माणसे हलवावीत, एकाच माणसाने थोडक्या शब्दांत बोलावे, आणि जिवाला धोका नसेल तर धरून ठेवू नये. वीस मिनिटे, अर्धा तास, कधी जास्त, पण ते ओसरते.

घाटकोपरच्या त्या घरी परत जाऊ. रात्री कुणीच येत नाही, म्हणून बाप मुलाला घेऊन निघतो. जवळचे मोठे पालिका रुग्णालय राजावाडी. पलीकडे शीव, केईएम, नायर. आणि मुलुंडची वेस ओलांडली की ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. ठाण्याचे हे रुग्णालय १९०१ साली सुरू झाले. राज्यात अशी चार आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. इस्पितळातली माणसे आपापल्या परीने कष्ट करतात, याविषयी शंका नको. पण जागाच अशी की स्वमग्न मुलाला जे जे सोसत नाही ते सगळे तिथे एकत्र भेटते. रात्रभर जळणारे दिवे, अनोळखी चेहरे, पाळीपाळीने बदलणारे कर्मचारी, इतर रुग्णांचे ओरडणे, आणि रोजच्या क्रमाचा पत्ता नाही. मूल आणखी बिथरते. मग औषध वाढते. चिडचिड आणि मारझोड कमी करणारी औषधे आहेत आणि काही मुलांना त्यांचा खरोखर गुण येतो. पण त्यांनी स्वमग्नता जात नाही, वजन वाढते, सुस्ती येते, आणि ज्या कारणाने मूल बिथरले ते कारण घरी तसेच वाट पाहत असते. बिथरलेले मूल पाहून लोक म्हणतात, ‘बघा, याला इस्पितळच हवे होते.’ विहिरीत ढकलून वर ‘हा ओला कसा?’ म्हणून विचारण्यासारखेच हे झाले.

इस्पितळ कधीच लागत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. स्वमग्न तरुणाला नैराश्य येऊ शकते, भ्रम होऊ शकतात, जीव देण्याचे विचार येऊ शकतात, अंग ताठून खाणेपिणे बंद होऊ शकते. अशा वेळी इस्पितळात नेण्यात हयगय करणे हा गुन्हा ठरेल. पण पुष्कळ वेळा इस्पितळाची खाट ही बाहेर न मिळालेल्या मदतीची बदली असते, एवढेच सांगायचे आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे तो चांगला आहे, आणि शिक्षकांनी तो माहीत करून घ्यावा असा आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात ते आले. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात प्रकार २१ झाले आणि स्वमग्नता त्यांत पक्की बसली. त्याच कायद्याचे पाचवे कलम सांगते की दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येणार नाही, आणि घरी येऊन मदत करणाऱ्या सेवा त्याला मिळाल्या पाहिजेत. अडतिसावे कलम जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी आहे. असा आधार हवा म्हणून अर्ज करता येतो.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणखी पुढे जातो. त्याचे एकोणिसावे कलम वाचताना मला नेहमी वाटते की हे शाळेच्या भिंतीवर लिहावे. घरचे लोक नाहीत, किंवा घरचे लोक घेत नाहीत, किंवा राहायला जागा नाही, किंवा बाहेर सोयच नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, आणि बाहेरची सोय सरकारने केली पाहिजे, असा त्याचा आशय. अठराव्या कलमात अर्ध्या वाटेवरची घरे, आधाराची निवासस्थाने, कुटुंबाला घरी मिळणारी मदत, मुलांसाठी वेगळी सेवा, हे सारे मोजून सांगितले आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला भरती करायचे तर सत्त्याऐंशीवे कलम आडवे येते: ते अपवाद म्हणूनच करावे, दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे तपासलेले असावे, आधी बाहेरच्या उपायांचा विचार झालेला असावा, मुलाला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे, पालक किंवा नेमलेला माणूस बरोबर राहावा, आणि ७२ तासांच्या आत पुनर्विलोकन मंडळाला कळवावे.

कागदावर हे झाले. प्रत्यक्षात जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला खडसावावे लागले. मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. न्यायालयाने ते थांबवायला सांगितले. मुंबई उच्च न्यायालयातही डॉक्टर हरीश शेट्टी यांनी याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी याचिका केली. बरे होऊनही वर्षानुवर्षे आत राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न तिथे निघाला. ही प्रकरणे फक्त स्वमग्न मुलांची नव्हेत, पण दुखणे एकच. आत जायला दार आहे. बाहेर यायला जागा नाही.

ही जागा कशी निर्माण करायची, हे समजण्यासाठी आपल्या जुन्या बलुत्याची आठवण काढतो. बलुतेदारीत जातीची उतरंड होती, अपमान होता, आणि ती मोडली हे बरेच झाले. ती परत यावी असे कुणी म्हणणार नाही. फक्त त्यातला एक व्यवहार बघा. नांगराचा फाळ मोडल्यावर शेतकरी लोहार शोधायला निघत नसे. लोहार कोण, हे आधीच ठरलेले; सुगीला त्याला धान्य द्यायचे, हेही ठरलेले; म्हणून ऐन पेरणीत फाळ मोडला तरी काम अडत नसे. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ नये, म्हणून माणूस आणि मोबदला दोन्ही आधी ठरवून ठेवायचे.

स्वमग्न तरुणांसाठी नेमके हेच हवे. कोणत्या घरात ताण वाढतो आहे ते आधी माहीत असावे. त्या घरासाठी एक माणूस नेमून दिलेला असावा, ज्याचे नाव आणि फोन आईला तोंडपाठ आहे. निरोप गेला की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणीतरी घरी यावे. घर बघावे, दिवसाचा क्रम बघावे, दात-कान-पोट तपासून घ्यावे. आईबापांना चार रात्री झोप मिळावी म्हणून मुलाला ठेवता येईल अशी लहानशी ओळखीची जागा असावी. आणि या सगळ्याचे पैसे कुणी द्यायचे हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेले असावे.

हे स्वप्नरंजन नाही. इंग्लंडमध्ये ही पद्धत सुरू आहे. तिथे २०११ साली ब्रिस्टलजवळच्या विंटरबर्न व्ह्यू या खासगी इस्पितळात बौद्धिक अपंगत्व असलेल्या आणि स्वमग्न माणसांना मारहाण होत असल्याचे बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवले. देश हादरला. त्यानंतर सरकारने ठरवले की अशा माणसांना इस्पितळाऐवजी घराजवळ आधार द्यायचा. ज्या मुलांना भरती होण्याचा धोका आहे त्यांची प्रत्येक भागात एक नोंदवही ठेवतात. भरतीआधी पालक, डॉक्टर, शिक्षक आणि त्याच अवस्थेतून गेलेली एखादी अनुभवी व्यक्ती एकत्र बसून विचारतात की घरी राहण्यासाठी काय कमी पडते आहे. आणि मुलामागे एक मुख्य कार्यकर्ता नेमतात. पाच खात्यांच्या दारी पालकांऐवजी त्याने जायचे.

एवढे करूनही इंग्लंडला ठरवलेले उद्दिष्ट वेळेत गाठता आले नाही. २०१५ साली अशी तीन हजारांच्या आसपास माणसे इस्पितळांत होती. पुढच्या दशकातही आकडा दोन हजारांच्या आसपासच रेंगाळला. बौद्धिक अपंगत्वाची माणसे बाहेर पडत गेली, तर केवळ स्वमग्न असलेल्यांची संख्या आत वाढत गेली. याचे मोठे कारण माझ्या मते हिशोबाच्या वहीत आहे. इस्पितळातल्या खाटेचा खर्च एका खात्यातून आपोआप निघतो. घरी येणाऱ्या माणसाचा खर्च कुणी सोसायचा, यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार चालतो. आणि पत्रव्यवहार चालू असताना मुलगा खाटेवरच असतो.

आपल्याकडे खाती दोन नव्हेत, पाच आहेत. उपनगरातल्या मुलाची तपासणी पालिकेच्या दवाखान्यात, मनोरुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याकडे, शाळा शिक्षणाकडे, निराधार मूल असेल तर महिला व बालविकास खात्याकडे, आणि दाखले व योजना दिव्यांग कल्याण विभागाकडे. शालेय मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंत साथ देतो. खास शाळाही साधारण त्याच सुमारास संपते. म्हणजे मुलाची ताकद जेव्हा सर्वांत वाढते तेव्हाच दारे बंद होऊ लागतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, लोकल थांबल्या, शाळा मिटल्या, तेव्हा हे सगळ्याच घरांनी थोडे थोडे अनुभवले. दिवसाचा क्रम मोडला की माणसाचे काय होते ते. या तरुणांच्या घरी टाळेबंदी अठराव्या वाढदिवसाला येते.

तरी हाताशी काहीच नाही असे नाही. राष्ट्रीय न्यासाच्या योजनांची नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. ‘निरामय’ हा वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा. त्यात भरती न होता घेतलेल्या उपचारांचा आणि थेरपीचा खर्चही धरला आहे, आणि वयाची अट नाही. ‘विकास’ म्हणजे दिवसाचे केंद्र, ‘समर्थ’ म्हणजे अडचणीतल्या कुटुंबाला काही काळ विसावा देणारे निवास, ‘घरौंदा’ म्हणजे मोठ्यांसाठी घर. योजना कागदावर सुबक आहेत; केंद्रे गरजेच्या मानाने फारच थोडी. त्याच कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती बसते. मुंबई उपनगर हा १९९० पासून स्वतंत्र जिल्हा आहे, आणि त्याची कचेरी वांद्र्याला आहे. या समितीचे मुख्य काम अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचे. पण अधिकारी, संस्था आणि ज्याचे जळते तो, असे तिघे एका टेबलाशी बसतात अशी जागा आपल्याकडे दुसरी फारशी नाही. धोक्यातल्या तरुणांची नोंदवही ठेवायचीच झाली, पालकांच्या संमतीने अर्थातच, तर ती इथून सुरू करता येईल.

माणसे तयार करण्याचे कामही थोडेथोडे चालू आहे. डॉक्टर विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली मुंबईत सुरू केलेली ‘उम्मीद’ ही संस्था मुलांवर उपचार करते, तशीच इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनाही शिकवते. शिवडीची जय वकील शाळा १९४४ पासून बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवत आली आहे. पालकांचे ‘फोरम फॉर ऑटिझम’ मुंबईत आहे. एका आईला दुसऱ्या आईने सांगितलेली युक्ती पुष्कळदा पुस्तकापेक्षा लवकर लागू पडते. बदलापूरजवळ ‘आधार’ ही निवासी संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. आमच्यामागे यांचे कसे, हा प्रश्न त्यांनी सरकारची वाट न पाहता हाती घेतला.

खेड्यात हे जमेल का, असे कुणी विचारील. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच स्त्री-पुरुषांना शिकवून तयार केले, आणि त्यांनी मनाने खचलेल्या शेजाऱ्यांना घरी जाऊन धीर दिला, योजनांचे कागद करून दिले, गरज लागली तर दवाखान्यात पोचवले. तो स्वमग्न मुलांसाठी नव्हता. पण घरी जाणारा, ओळखीचा, थोडा शिकलेला माणूस गावातच तयार होऊ शकतो, हे त्यातून दिसले. आपल्याकडे आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत. त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच डोंगराएवढा आहे, तेव्हा आणखी एक काम फुकट टाकू नये. टाकायचे तर त्याचा मोबदला ठरवून टाकावा.

शिक्षकांना मात्र एक काम आजच करता येईल, आणि त्याला खर्च एका कागदाचा. आपल्या वर्गातल्या अशा मुलाविषयी एक पान लिहावे. दुखले की तो काय करतो. कोणता आवाज त्याला सोसत नाही. काय दिले की तो शांत होतो: ओढणी, मातीचा गोळा, लोकलचे चित्र. कोणते शब्द त्याला कळतात. कोणते औषध चालू आहे आणि कोणते मानवत नाही. कुणाला बोलवायचे. हे पान आईच्या पिशवीत, दाखल्यांच्या पिशवीतच, राहावे. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांपुढे घाबरलेल्या आईला हे काही आठवत नाही. पान मात्र सारे सांगते. आणि कोणताही कागद मुलाच्या वतीने करताना त्याला जेवढे कळते तेवढे त्याला दाखवून करावे. ज्याला बोलता येत नाही त्याचेही मत असते.

दाखल्याचे म्हणाल तर स्वमग्नतेचा दाखला मिळतो. त्यासाठी ४० मुद्द्यांची एक भारतीय मोजपट्टी आहे. दाखला आणि ओळखपत्र काढून ठेवावे. विमा, निर्वाह अनुदान, प्रवासाची सवलत, सगळ्यांची किल्ली तीच. रात्री-अपरात्री नुसते कुणाशी बोलायचे असले तर २०२२ साली सुरू झालेला टेलिमानस क्रमांक १४४१६ आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते. तो माणूस घरी येणार नाही, पण बोलेल.

राहिला पैसा. ग्रामपंचायतीने आणि पालिकेने आपल्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा आपल्या राज्यात नियम आहे. हा निधी पुष्कळ ठिकाणी वर्षाअखेरीस घाईघाईने वाटला जातो; कुठे घड्याळे, कुठे चादरी, कुठे रोख रक्कम. त्याच पैशात दोन-तीन गावांनी मिळून एक शिकलेला मदतनीस ठेवता येईल का, तालुक्याला एका घरात दोन खोल्या विसाव्यासाठी घेता येतील का, हे विचारायला कुणाची आडकाठी नाही. हे विचारण्याची जागा ग्रामसभा. ती वर्षातून निदान चार वेळा भरलीच पाहिजे. पण पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक त्याआधी तयार होते. म्हणून गावात अशी मुले किती, त्यांची वये काय, आणि अठरा पुरी होण्यास कुणाला किती महिने उरले आहेत, याची यादी मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच ग्रामसेवकांच्या हाती द्यावी आणि पोच घ्यावी.